पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?

"मॅडम, आज कमरेपर्यंत."

एवढंच म्हणून नववीतला तो मुलगा खुर्चीत बसला, दप्तर मांडीवर घेतलं आणि समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिला. मीही काही विचारलं नाही. कमरेपर्यंत म्हणजे किती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. गेल्या मंगळवारी गुडघ्याखाली होतं. मधल्या सात दिवसांत घरी काहीतरी घडलं होतं आणि ते ओठांवर यायला अजून दहा मिनिटं तरी लागणार होती.

नाशिककराला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की किती क्युसेक पाणी सोडलं ते पेपरात येतं, मोबाइलवर येतं, पण गावात लोक एकमेकांना विचारतात ते एकच, मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती हे आमचं पूरमापक. पाणी पायाशी असलं की लोक पोराबाळांना घेऊन पूर बघायला जातात. कमरेला लागलं की काठावरच्या टपऱ्या हलायला लागतात. छातीला लागलं की सराफ बाजारात, भांडी बाजारात माल वरच्या फळ्यांवर चढतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तर तो पुरता बुडाला होता.

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. त्याच पुराच्या दिवसांत पंचवटीतून येणारा आठवीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. तोवर मी शिकले होते तसंच विचारत असे, "एक ते दहामध्ये सांग, किती त्रास होतोय?" यावर बहुतेक मुलं "पाच" म्हणतात. पाच म्हटलं की कुणी रागावत नाही आणि कुणी जास्त खोदतही नाही, हे त्यांना शाळेनेच शिकवलेलं असतं. हा मुलगा मात्र बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आकड्यात नाही सांगता येत मॅडम. पण मारुतीच्या छातीपर्यंत आलंय." त्या दिवसापासून मी आकडा विचारणं सोडलं. आता एका कागदावर मारुतीची साधी आकृती काढलेली असते आणि मूल पेन्सिलने पाण्याची रेघ मारतं. बोलायचं नसलं तरी रेघ मारता येते.

मागे एकदा एका मुलीने आधी रेघ मारलीच नाही. आकृतीकडे बघून म्हणाली, "ह्याला दोन तोंडं आहेत ना? माझी पण आहेत. घरी वेगळं, शाळेत वेगळं." मग दोन रेघा मारल्या. शाळेची घोट्याशी, घरची गळ्याशी.

ज्या शाळेत मी सोमवारी आणि मंगळवारी असते तिथे मला नकाशांची जुनी खोली मिळाली आहे. आठ बाय दहाची असेल. कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे, एक भाता फाटलेली पेटी, प्रयोगशाळेतून हद्दपार झालेला तराजू. सुरुवातीला मला वाईट वाटलं होतं. निळसर रंगाच्या भिंती, गुबगुबीत खुर्च्या, कुंडीतलं रोप असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पण मुलांनी त्या नकाशांचा जो उपयोग केला तो कुठल्याच पुस्तकात मी वाचला नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून रडण्यासारखं सांगता येत नाही. त्याला दुसरीकडे कुठेतरी बघायला हवं असतं. म्हणून मी खुर्च्या समोरासमोर ठेवत नाही, शेजारी ठेवते, आणि दोघंही महाराष्ट्राच्या प्राकृतिक नकाशाकडे बघत बसतो. कमरेपर्यंतवाला मुलगा बोटाने गोदावरी शोधत होता. ब्रह्मगिरीपासून निघाला, नाशिक, निफाड, पैठण करत नांदेडपर्यंत गेला, आणि बोट नांदेडवर ठेवूनच म्हणाला, "मम्मी मामाकडे निघून गेली. परत येणार नाही म्हणते."

बोट नांदेडवरच होतं. मामा नांदेडला राहत असावा असं मला वाटलं. तसं नव्हतं, मामा इथेच, नाशिकच्या सिडकोत राहतो. बोट फक्त तिथे थांबलं होतं.

समुपदेशन या शब्दाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. त्यात 'उपदेश' आहे, आणि शाळेत तो अर्थ सर्वांत आधी ऐकू येतो. कित्येक वर्षं मुलं माझ्याकडे 'पाठवली' जात. वर्गात मारामारी केली, पाठवा मॅडमकडे. मोबाइल सापडला, पाठवा. मग वर्गात हळूच हसणं, चिडवणं आणि "तुला वेड लागलंय का?" हे ठरलेलं. मुख्याध्यापकांच्या केबिनच्या आधीचा थांबा अशी माझ्या खोलीची ख्याती झाली होती. ती पुसायला मला काहीही भव्य करावं लागलं नाही. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन व्हरांड्यात बसायला लागले, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहायला लागले, स्नेहसंमेलनात नाचाच्या रांगा लावायला गेले. पहिलं वर्ष त्यातच गेलं. दुसऱ्या वर्षी पहिला मुलगा आपणहून आला, तोही स्टेपलर मागायला. स्टेपलर घेऊन गेला, परत करायला आला आणि मग बसला.

आपणहून आलेल्या प्रत्येक मुलाला मी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. इथे बोललेलं मी कुणाला सांगणार नाही, वर्गशिक्षकांना नाही, आईबाबांनाही नाही. पण तीन गोष्टी मला पोटात ठेवता येणार नाहीत. तुझ्या जिवाला धोका असेल तर, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि तुझ्याशी कुणी वाईट वागत असेल तर. तिसऱ्या गोष्टीत कायदाही माझ्या पाठीशी उभा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक केलं आहे. घराण्याची अब्रू, शाळेचं नाव, "मुलीचं पुढे कसं होईल" ही सगळी कारणं माझ्यासमोर मांडली गेली आहेत, कधी हात जोडून, कधी आवाज चढवून. माझं उत्तर बदलत नाही. मात्र हे सगळं मुलीला आधी सांगितलेलं असावं लागतं. तिने विश्वासाने सांगितलं आणि मग मी फोन उचलला, असं झालं तर ती आयुष्यात पुन्हा कुणाला काही सांगणार नाही. आधी सांगूनही ती सांगते, याचा अर्थ तिला मी फोन उचलायला हवा आहे.

आता द्राक्षांबद्दल. शाळेच्या मानसिक आरोग्याविषयी मुंबई-पुण्यात होणाऱ्या प्रशिक्षणांत परीक्षेचा ताण हा स्वतंत्र विषय असतो, जणू परीक्षा एका रिकाम्या घरात येते. मखमलाबाद, म्हसरूळ, दिंडोरी रोडच्या बाजूने येणारी माझी मुलं ज्या घरांतून येतात तिथे दहावीची परीक्षा आणि बागेतला माल एकाच वेळी येतो. ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी झालेली असते. त्यानंतर विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, भुरी-डावणी या रोगांवरच्या फवारण्या, मजुरांची मनधरणी, सोसायटीचं कर्ज, औषधांच्या दुकानातली उधारी. या सगळ्याचा हिशेब फेब्रुवारी-मार्चात व्यापारी बागेत येऊन भाव बोलतो तेव्हा होतो. आणि फेब्रुवारी-मार्चातच बोर्डाचं केंद्र, हॉल तिकीट, पॅड आणि पाण्याची बाटली. घर अख्खं वर्ष ज्या दोन गोष्टींची वाट बघतं त्या एकाच महिन्यात, आणि आभाळ त्या दोन्हींच्या वर.

काही वर्षांपूर्वी मार्चात गारपीट झाली. दहा-पंधरा मिनिटांची असेल. दुसऱ्या दिवशी दहावीतली एक मुलगी शाळेत आली. परीक्षा सुरू असताना दहावीची मुलं शाळेत येत नाहीत, पेपर दुसऱ्या केंद्रावर असतात. गणित भाग एकचा पेपर दोन दिवसांवर होता. मला वाटलं गणिताची भीती असेल. मी पाणी दिलं, कागद पुढे केला. तिने रेघ मारुतीच्या डोक्याच्या वर मारली आणि म्हणाली, "ही माझी नाही. पप्पांची आहे."

माल खाली पडला होता. जो वेलीवर राहिला होता त्याचे मणी तडकले होते. सौदा झालेला होता, इसार हातात होता, आणि व्यापारी फोन उचलत नव्हता. हे सगळं तिने बातमी वाचावी तसं सांगितलं. मग म्हणाली, "रात्री उठून बागेत जातात. मी अभ्यासाला म्हणून जागी राहते आणि खिडकीतून बॅटरी दिसते का बघत बसते. बॅटरी दिसली की बरं वाटतं. विझली की..." पुढे ती बोलली नाही.

त्या मुलीला मी परीक्षेचा ताण कसा हाताळावा हे सांगायचं होतं का? दीर्घ श्वास घे, वेळापत्रक कर? ती सोळा वर्षांची मुलगी रात्रभर राखण करत होती. तिचं ओझं उचलायला मोठं माणूस हवं होतं आणि त्या क्षणी तिथे मी एकटीच होते. तिच्या वडिलांशी बोलण्याची तिची परवानगी मी घेतली. ती मिळाली नसती तरी मी बोलले असते, हेही तिला सांगितलं.

वडील संध्याकाळी आले. चपला दाराबाहेर काढल्या. मी नको म्हटलं तरी काढल्या. तळहाताला कात्रीचे घट्टे. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि तेही नकाशाकडे बघायला लागले.

"तिला म्हणा मॅडम, तू पेपर दे. घरचं आम्ही बघून घेऊ."

"भाऊ, ती तुमच्यासाठी जागी राहते."

बराच वेळ काही नाही. मग, "तिला कसं कळलं?"

मी त्यांना सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा माझी जीभ जड झाली होती. विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी एक सार्वत्रिक भीती आहे आणि ती चुकीची आहे. अभ्यासांनीही तेच दाखवलं आहे आणि माझा अनुभवही तोच आहे. विचारल्यावर समोरच्याचे खांदे खाली येतात. इतके दिवस जे एकट्याने धरलं होतं त्याला कुणीतरी नाव घेऊन हाक मारलेली असते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी पुढचं विचारलं. "फवारणीची औषधं कुठे असतात?" शेडमध्ये. "कुलूप?" आहे. "चावी?" त्यांनी खिशावर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "भावाकडे देतो आजच."

ही चावी मला कुठल्याही समजावणीपेक्षा मोलाची वाटते. मनातलं वादळ बहुतेक वेळा काही तासांचं असतं, आणि त्या तासांत हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. माणसांची दुःखं काही त्या वर्षांत संपली नव्हती. मी देशाचा कायदा करू शकत नाही, पण एका शेडची चावी एका खिशातून दुसऱ्या खिशात जावी म्हणून बोलू शकते. त्या रात्री भाऊ त्यांच्याकडेच झोपायला गेला. दोन दिवसांनी ते त्र्यंबक नाक्यावरच्या सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत गेले, पहिला केसपेपर निघाला. पोलीस केस होईल ही धास्ती त्यांना होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसालाही तीव्र तणावाखाली आहे असंच मानायला आणि उपचार द्यायला सांगितलं आहे, आणि इथे तर प्रयत्नही झालेला नव्हता. हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकलं.

मुलगी गणितात नापास झाली. जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसली, सुटली, त्याच वर्षी अकरावीला गेली. पूर्वी ऑक्टोबरची वाट बघायची आणि वर्ष हातचं घालवायचं. २०१५ पासून ही परीक्षा साधारण जून-जुलैत होते, त्यामुळे वर्ष वाचतं, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. निकालाच्या आदल्या दिवशी हे प्रत्येक पालकाला माहीत असावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे पेढ्यांची तयारी असते, पण पेढे वाटायची वेळ आली नाही तर रात्री जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं, एवढीही तयारी नसते. मी दर वर्षी पालकसभेत एवढंच मागते. निकालाच्या रात्री मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाला टक्के विचारू नका.

कोविडनंतरचं बोलले नाही तर हा लेख अपुरा राहील, पण त्यावर फार लिहिता येत नाही मला. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. बऱ्याच काळाने मुलं आली होती, उंच होऊन, आवाज फुटून. वर्गशिक्षिका पालकांचे फोन नंबर तपासत होत्या. "वडिलांचा हाच नंबर का?" एका मुलाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा. "मी हो म्हटलं. पण तो नंबर आता बंद आहे. वडील एप्रिलमध्ये गेले." सगळ्या वर्गासमोर सांगायचं नव्हतं त्याला. त्याच्याशी मी दुःखाबद्दल फार कमी बोलले. आम्ही एक अर्ज भरला. बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेल्या मुलालाही दरमहा मदत मिळते. तेव्हा ती अकराशे रुपये होती, आता २,२५० आहे. आईला वाचायला जमत होतं पण सरकारी मराठी जमत नव्हती. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, आधार, पासबुक. चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभं असताना तो म्हणाला, "सही त्यांची होती ना, इंग्रजीत करायचे, पण आर उलटा काढायचे." आणि हसला. आणि मग तिथेच, झेरॉक्सच्या दुकानात, रडला. दुकानदाराने मशीन थांबवलं, स्टूल पुढे केलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला हाताने थांब म्हणाला. तो काही समुपदेशक नव्हता. पण त्याने केलं ते अगदी बरोबर केलं.

शाळेत असे पुष्कळ लोक असतात. शिपाईमामांना माझ्याआधी कळतं की अमुक एक मूल शाळा सुटल्यावर घरी जायला उशीर करतंय. एप्रिलच्या उन्हातही एक मूल पूर्ण बाह्यांचा स्वेटर अंगातून काढत नाही हे शिवणाच्या बाईंनी हेरलं होतं. ग्रंथालयाच्या मॅडमना कळतं की आठवड्याला दोन पुस्तकं नेणारी मुलगी महिनाभर फिरकलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दहा ते एकोणीस या वयात सात जणांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. साठ जणांच्या वर्गात तो हिशेब आठ-नऊ मुलांवर येतो. एवढी मुलं एकटी समुपदेशक शोधू शकत नाही, तिच्याकडे कितीही पदव्या असोत.

आणि इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. चूक म्हणू की व्यवस्था, पण ती मी अजून माझ्याच नावावर धरते.

मी तीन शाळांत जाते, प्रत्येकीत दोन दिवस, मानधनावर. गुरुवारी मी नाशिकरोडच्या बाजूच्या शाळेत असते. एका मंगळवारी नकाशांच्या खोलीचं दार उघडलं तर फरशीवर वहीचं दुमडलेलं पान होतं, दाराखालून सरकवलेलं. 'मॅडम, आज तुम्ही नाही का? परत येईन.' खाली गुरुवारची तारीख. नाव नाही. म्हणजे पान पाच दिवस तिथे पडून होतं. सोमवारी प्रशिक्षण होतं म्हणून मी आले नव्हते. मी ते पान घेऊन वर्गावर्गात फिरले, वह्यांमधलं अक्षर जुळवत. तिसऱ्या वर्गात ती सापडली. ठीक होती. ठीक म्हणजे मधल्या दिवसांत तिचं तिनेच काहीतरी निभावलं होतं, मैत्रिणीच्या आईजवळ जाऊन राहिली होती. "तुम्ही मंगळवारी असता हे मला माहीत होतं मॅडम," ती मलाच समजावत होती, "पण ते गुरुवारी झालं."

हे वाक्य मी संस्थेच्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. आपल्याकडे शाळा मानसिक आरोग्य म्हटलं की एक व्याख्यान ठेवतात. सभागृहात चारशे मुलं, मंचावर पाहुणे, 'ताणमुक्त परीक्षा', शाल-श्रीफळ, फोटो. मीही अशी व्याख्यानं दिली आहेत. माझ्या अनुभवात त्यातून एकाही मुलाची गुरुवारची सोय झाली नाही. सोय होते ती माणूस रोज तिथे असल्याने. त्याच्या हातात डबा असल्याने, त्याला तुमच्या बहिणीचं नाव माहीत असल्याने. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे मुलांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते. माझ्या तीन शाळांचा पट मी इथे लिहीत नाही, पण तो अडीचशेच्या कितीतरी पुढे आहे.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, हेल्पलाइनचे नंबर ठळक लावावेत. ती बातमी मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून वाचली आणि खरं सांगते, डोळे भरून आले. शिक्षकेतर कर्मचारी हा शब्द न्यायालयाने लिहिला होता. शिपाईमामा त्यात आले.

कागदावरचं वर्गात यायला वेळ लागतो, आणि मला थांबायचं नव्हतं. नंबर आम्ही त्याच आठवड्यात लावले. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चाइल्डलाइनचा १०९८, प्रत्येक मजल्यावर. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावर आतल्या बाजूने लावले, तिथे उभं राहून वाचताना कुणी बघत नाही. आणि खोलीच्या दाराला एक पत्र्याची पेटी लावली, कुलूपबंद. शेजारी मारुतीच्या आकृतीच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. रेघ मारायची, वाटलं तर नाव-वर्ग लिहायचा आणि आत टाकायची. मी नसते त्या दिवशी ग्रंथालयाच्या मॅडम मधल्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटायच्या आधी पेटी उघडतात. रेघ छातीच्या वर दिसली की मला फोन, मी कुठेही असले तरी. त्यांनी आणि शिवणाच्या बाईंनी माझ्याकडून शिकून घेतलं आहे, काय विचारायचं आणि काय बोलायचं नाही. "सगळं ठीक होईल" म्हणायचं नाही. "एवढ्याशा गोष्टीने काय होतं" तर नाहीच. "बरं झालं सांगितलंस" म्हणायचं आणि मुलाला एकटं सोडायचं नाही.

पहिला महिना पेटीत चेष्टाच जास्त आली. कुणी मारुतीला मिशा काढल्या, कुणी गदेऐवजी बॅट दिली, कुणी पाण्यात मासे सोडले. मी त्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीत. पेटीला हात लावायची सवय होत होती. दुसऱ्या महिन्यात रेघा यायला लागल्या. बहुतेक गुडघ्याच्या आसपास. भांडणं, मार्क, मैत्रीण बोलत नाही, घर बदलतोय. त्यांच्याशी व्हरांड्यात डबा खाता खाता बोलणं होतं. कमरेपर्यंतवाल्याची आई अजून मामाकडेच आहे. तो दर रविवारी सिडकोत जाऊन येतो आणि सोमवारी चिठ्ठी टाकतो. रेघ वरखाली होत राहते.

आज मंगळवार. सकाळी पेटी उघडली तर सहा चिठ्ठ्या. पाच नावानिशी. सहावी चार घड्या घालून टाकलेली. रेघ गळ्याशी, हिरव्या शाईने, कागद फाटेल इतकी दाबून मारलेली. नाव नाही, पण कोपऱ्यात आधी काहीतरी लिहून खोडलेलं. उजेडासमोर धरल्यावर 'नववी' एवढं वाचता येतं, पुढची तुकडी नाही. शिपाईमामांना दाखवलं. ते म्हणाले, हिरवं पेन तर काल कुणीतरी ऑफिसात रिफिलसाठी विचारत होतं, मुलगी होती, दोन वेण्या.

मधल्या सुट्टीला सात मिनिटं आहेत. नववीच्या तिन्ही तुकड्या पाणी प्यायला मागच्या टाकीपाशीच येतात. डबा घेऊन मी तिकडे निघाले आहे.